एकोणतिसावं दार

एका गावात एक शिपाई होता. गावाचं नाव विचारू नका. आपलंच निघालं तर उगाच तोंडं वाकडी होतील.

शिपाई शाळेचा होता. पाचवी ते सातवीची शाळा. घंटा देणं, टाकी भरणं, खडू आणणं आणि सूचनेची वही घेऊन दारोदार फिरणं, ही त्याची कामं. स्वतः चौथीत दोनदा बसून दोनदा उठलेला. वाचायचा तो ओळीखाली बोट ठेवून, एकेक अक्षर. पण वाचायचा. पोरं त्याला आबा म्हणत. आबा फटकळ. सरपंचालाही "चप्पल बाहेर काढ" म्हणायला कचरत नसे.

त्या गावात एक रीत होती. आबा वही घेऊन दारात आला की घरातलं एक मोठं माणूस हात पुसत बाहेर यायचं. आबा सूचना वाचायचा. मग त्या माणसानं तीच सूचना आपल्या तोंडानं परत सांगायची. याला गावात 'पोच देणं' म्हणत. "ऐकलं, ऐकलं" म्हणून भागत नसे. आबा म्हणायचा, "ऐकलंस तर सांग काय ऐकलंस," आणि ओट्यावर बसकण मारायचा. भाकरी तव्यावर करपो नाहीतर म्हैस सुटो, पोच मिळाल्याशिवाय तो उठत नसे. लोक वैतागायचे. पण लसीच्या दिवशी एक पोर गैरहजर राहत नव्हतं की परीक्षेच्या दिवशी कोणी मामाच्या गावाला जात नव्हतं.

मग शाळेचा फोनवर ग्रुप निघाला. वही कपाटात गेली. हेडमास्तर एक बोट दाबायचे, चौतीस घरांत एकदम सूचना. दोन मिनिटांत उत्तरंही यायची. काय उत्तरं? अंगठे. चौतीस घरांचे चौतीस अंगठे. सरपंच अंगठ्याबरोबर गुलाबाचं फूलसुद्धा पाठवायचे.

हेडमास्तर खूश. "पाहिलंत आबा? तुम्हाला तीन दिवस लागायचे."

"पोच कुठाय?" आबानं विचारलं.

"हे काय, अंगठे दिसत नाहीत?"

"अंगठा माझा बापपण द्यायचा. काय लिहिलंय ते कळत नव्हतं म्हणून द्यायचा."

हेडमास्तर हसले आणि आबाला टाकी भरायला पाठवलं.

ग्रुपच्या तिसऱ्या वर्षी तालुक्याची मोठी चाचणी आली. पाचवी, सहावी, सातवी, सगळ्यांची. सातवीतून जो वर येईल त्याला जिल्ह्याच्या निवासी शाळेत जागा. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथंच. सातवीत देवकी नावाची एक पोर होती. शिंप्याची. गणितात अशी चालायची की फळ्यावर बाईंचं उदाहरण मांडून व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. ही जाणार, असं सगळी शाळा धरून चालली होती. तिनंही तेच धरलं होतं. दप्तरावर तिनं आपल्या हातानं त्या शाळेचं नाव शिवून घेतलं होतं, बापाच्या मशीनवर.

चाचणीच्या आठवड्यात वर्गाच्या बाई शेजारच्या गावाहून आल्या त्या पांढऱ्याफटक होऊन. तिथल्या एका पोराला फोनवर कोणी 'परीक्षेचा साहेब' भेटला होता. आधी सरावाचे प्रश्न पाठवले, मग शाबासकी दिली, मग फोटो मागितला, मग म्हणाला, "तुझं केंद्र बदललंय, एकटाच ये, घरी सांगू नकोस." पोरगा निघाला होता. नशीब, एसटीत चुलता भेटला.

बाईंनी त्याच दिवशी सूचना लिहिली. तीन कलमं.

पहिलं: चाचणी गुरुवारी, आपल्याच शाळेत. केंद्र बदललेलं नाही, बदलणार नाही.

दुसरं: शाळा किंवा परीक्षेचे लोक मुलांशी फोनवर परस्पर बोलत नाहीत. फोटो, नंबर काही मागत नाहीत.

तिसरं: "घरी सांगू नकोस" असं कोणी मुलाला म्हणालं, तर मुलानं आधी घरी सांगायचं आणि घरच्यांनी मुलाला न रागावता शाळेत यायचं.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, वर्गात पोरांना नको, घरच्यांनाच कळवा. तरीही पालक घाबरतील."

"घाबरू देत सर. थोडे घाबरलेलेच बरे."

सूचना सोमवारी गेली. दोन मिनिटांत चौतीस अंगठे. सरपंचांचं फूल. पण बाई वहीच्या काळात आबाच्या हाताखाली तीन वर्षं काढलेल्या. त्यांनी सूचनेच्या अगदी शेवटी एक ओळ घातली होती: 'ज्या घरी हे इथपर्यंत वाचलं असेल, त्यांनी उद्या मुलाबरोबर एक चिंचोका पाठवावा.'

चिंचोका कोणाच्या घरी नसतो? पोरं तर खिशातच घेऊन हिंडतात.

मंगळवारी सकाळी बाईंनी टेबलावर वाटी ठेवली. पोरं आली, बसली. वाटीत चिंचोके पडले पाच. सहावा एका पोरानं टाकला, पण विचारल्यावर म्हणाला, "मीच वाचलं बाई. आईनं मला वाचून दाखवायला सांगितलं आणि झोपली." त्याचा चिंचोका परत दिला.

चौतीस अंगठे आणि पाच चिंचोके. हेडमास्तर वाटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आबा, ती वही कुठंय?"

आबानं कपाट उघडलं, वही झटकली. बाईंनी तीन कलमं वहीत उतरवून दिली आणि एकोणतीस घरांची यादी. "आबा, उद्या संध्याकाळपर्यंत. एकही घर सुटता कामा नये."

"माझ्या हातून घर सुटलंय का कधी?" आबा गुरगुरला आणि निघाला.

त्या दिवशी त्याला पाय दुखायचं भान नव्हतं. तीन वर्षं टाकीच भरत होता बिचारा. दार वाजवायचं, वाचायचं, ओट्यावर बसायचं, पोच घ्यायची. सरपंचांच्या दारात तर तो तीनदा बसला, कारण सरपंच दुसरं कलम सारखं विसरत होते.

"अहो आबा, मी फूल पाठवलं होतं की!"

"फूल देवाला वाहा. दुसरं कलम सांगा."

गावाबाहेर दोन मैलांवर फाटा होता. तिथं चहाची टपरी चालवणारी एक म्हातारी. तिची नात सहावीत, म्हणून तेही घर यादीत. आबा एवढ्या लांब चालत गेला. म्हातारी महातोंडाळ. कढईत भजी सोडता सोडता म्हणाली, "काय घंटीवाल्या, फुकट चहा प्यायला आलास व्हय?"

"पोच घ्यायला आलोय. ऐक."

त्यानं तीन कलमं वाचली. म्हातारीनं झाऱ्यानं हवेत आकडे काढत, नाकात बोलत, त्याची नक्कल करत परत सांगितली. "पयलं कलम, चाचणी आपल्याच शाळेत. दुसरं कलम, साहेबलोक पोरांशी परस्पर बोलत न्हाईत. तिसरं कलम, घरी सांगू नको म्हणला की तो चोर. झालं समाधान?"

"रागवायचं नाही ते राहिलं."

"आन पोराला रागवायचं न्हाई! जा आता, तेल तापलंय."

असं करत बुधवारी दुपारपर्यंत अठ्ठावीस घरं झाली. एक राहिलं.

ते होतं शिंप्याचं.

आता हे सांगायला हवं. आबा आणि शिंपी सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर एक बाही. आबाच्या मुलाच्या लग्नात शिंप्यानं आबाला सदरा शिवला आणि एक बाही दोन बोटं आखूड केली. आबा मांडवात उभा, एक मनगट झाकलेलं, एक उघडं. व्याह्यानं विचारलं तर शिंपी सगळ्यांसमोर म्हणाला, "कापड बरोबर आहे हो, आबाचा हातच लांब आहे. घंटा ओढून ओढून." मांडव हसला. आबा हसला नाही. त्या दिवसापासून तो कपडे तालुक्याला शिवून आणायचा आणि शिंप्याची गल्ली टाळून लांबच्या वाटेनं शाळेत जायचा. देवकी पाचवीत आली तोवर वही कपाटात गेली होती, म्हणून त्या दारात जायची वेळच आली नव्हती.

आबा गल्लीच्या तोंडाशी आला. मशीन धडधडत होतं. लग्नसराई, शिंप्याला मान वर करायला सवड नव्हती. ओट्यावर देवकी बसली होती, मांडीवर बापाचा फोन. आबाला पाहिल्यावर ती उठली. "आबा," ती हळू म्हणाली, "एक विचारू का?"

आबानं वही उघडायला हात घातला. तेवढ्यात खिडकीतून शिंप्यानं मान वर केली. गळ्यात मापाची पट्टी, ओठांत टाचण्या. दोघांची नजर मिळाली. शिंपी काही बोलला नाही. टाचण्या तोंडात असलेला माणूस काय बोलणार? पण आबाला वाटलं, हा हसतोय.

आबानं वही मिटली. "शाळेत विचार," तो पोरीला म्हणाला, आणि वळला.

पोर तशीच उभी राहिली, फोन छातीशी धरून.

वाटेत त्यानं मनाची समजूत घातली. ग्रुपवर सूचना गेलीच आहे. अंगठा दिलाय म्हणजे वाचलीच असेल. शहाणा माणूस, मापं लिहितो, वाचतो. पोर हुशार आहे, तिला कोण फसवणार? आणि माझ्यानं त्याच्या ओट्यावर बसवणार नाही. म्हणजे काल सरपंचाला जे म्हणाला होता, ते सगळं आज स्वतःपुरतं विसरला.

शाळेत बाई वाट बघत होत्या. "झाली का घरं?"

"झाली."

"एकूणएक?"

आबानं वही कपाटात ठेवली. पाठ बाईंकडं. "एकूणएक."

गुरुवारी सकाळी तालुक्याहून परीक्षक आले. कडक माणूस, बगलेत लखोटे. साडेआठला पेपर, नऊला फाटक बंद, त्यानंतर कोणी आत येणार नाही आणि बाहेर जाणार नाही. आबानं आठची घंटा दिली. पोरं रांगेत बसली. बाई हजेरी घ्यायला लागल्या.

सव्वाआठला बाई वर्गातून बाहेर आल्या. चालत नाही, पळत.

"आबा, देवकी नाही आली."

आबाचा हात घंटेच्या दोरीवरच राहिला.

"शिंप्याकडं सूचना नीट सांगितली होती ना? पोच घेतली होती ना?"

आबाच्या तोंडात 'हो' आलंच होतं. नुसतं हो म्हणायचं. कोण विचारणार होतं? शिंपी तर बोलत नव्हता. पण त्याच्या डोळ्यांपुढं ती पोर आली, फोन छातीशी धरलेली. एक विचारू का, म्हणाली होती.

"नाही गेलो, बाई," आबा म्हणाला. "खोटं बोललो. ते एकच घर सोडलं."

बाईंनी फक्त फाटकाकडं बोट केलं.

आबा सहा वर्षांत पहिल्यांदा त्या गल्लीत शिरला आणि पळत शिरला. मशीन चालूच होतं.

"देवकी कुठंय?"

शिंप्याचा पाय थांबला. आधी त्याला वाटलं, याचं डोकं फिरलं. "कुठं म्हणजे? शाळेत. साडेसातलाच गेली, दही-साखर खाऊन."

"शाळेत नाही."

"असं कसं?"

"फोन बघ तुझा!"

फोन कापडाच्या ढिगाखाली पडला होता. शिंप्यानं ओढून काढला. वर शाळेचा ग्रुप, त्यात सोमवारची सूचना, सूचनेखाली त्याचा अंगठा. आणि त्याच्याखाली एक अनोळखी नाव: परीक्षावाले सर. मागचं सगळं पुसलेलं. एकच निरोप, पोर घरातून निघाल्यावर आलेला, म्हणून पुसायचा राहिलेला.

शिंप्यानं फोन आबाच्या हातात कोंबला आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागला. "तू वाच," तो म्हणाला.

आबानं ओळीखाली बोट धरलं. "नि-घा-लीस का. फा... फाट्या... फाट्यावर उभी रहा."

"लवकर वाच रे!"

"वाचतोय! चहाच्या... टपरी-पासून... लांब. निळी... निळी गाडी. को-णा-शी बोलू नकोस."

मशीनवर अर्धवट शिवलेला कुणाचा तरी झब्बा तसाच पडला. शिंप्यानं स्कूटर बाहेर ढकलली. पहिल्या लाथेला चालू झाली नाही. दुसऱ्या लाथेला नाही. आबानं मागून ढकलली, तेव्हा कुठं खोकून चालू झाली. आबा मागं बसला. धरायला काही नव्हतं, म्हणून त्यानं शिंप्याचा खांदा धरला. शिंप्याच्या गळ्यातली मापाची पट्टी वाऱ्यानं उडून आबाच्या तोंडावर फडफडत होती. त्यानं ती बाजूला सारली नाही.

अर्ध्या वाटेवर शिंपी न वळता ओरडला, "सगळ्यांच्या दारात गेलास म्हणे. माझ्या का नाही आलास?"

"तू हाकललं असतंस."

"हाकललं असतं!" शिंप्याचा आवाज फाटला. "हाकललं असतं, पण तू ओट्यावर बसला असतास! अख्ख्या गावाला माहितीय तू उठत नाहीस ते! बसायचं होतंस ना रे!"

खड्डा आला, दोघं उडाले, परत बसले.

"काल संध्याकाळी मला विचारत होती," शिंपी म्हणाला. आता तो आबाशी बोलत होता की स्वतःशी, कोण जाणे. "बाबा, ऐन वेळी केंद्र बदलतं का. मी म्हटलं, ग्रुपवर असेल सगळं, मी बघितलंय. बघितलं नव्हतं. नऊवारीला काठ लावत होतो."

फाटा दिसला. रस्त्यावर कोणी नव्हतं. ना पोर, ना गाडी. डांबरावर चाकांचे काळे ओरखडे होते आणि कडेला धुळीत एक कंपासपेटी उघडी पडली होती. पट्टी एकीकडं, कोनमापक एकीकडं.

शिंप्यानं स्कूटर सोडून दिली. ती आडवी झाली, चाक फिरतच राहिलं. तो कंपासपेटीपाशी गुडघ्यावर बसला आणि त्याच्या तोंडून नुसता वारा बाहेर आला. आबा उभा होता. त्याला वाटलं, आता आपण इथून हलूच नये.

"इकडं! ए घंटीवाल्या! इकडं या दोघं!"

टपरीतून म्हातारी झारा हलवत होती. तिच्या मागं, चुलीच्या आडोशाला, तिचा पदर मुठीत धरून देवकी बसली होती. अंगावर शाळेचा गणवेश. हुंदके देऊन देऊन उचकी लागलेली, पण साबूत.

शिंपी धावला. पोर बापाला बघून मागं सरकली. शिंप्याचं तोंड उघडलं, हात वर गेला, भीतीनं माणसाचा जातो तसा. म्हातारीनं झारा मध्ये धरला.

"तिसऱ्या कलमाचं शेपूट काय हाय? पोराला रागवायचं न्हाई! विचार त्याला, त्यानंच पढवलंय."

शिंप्याचा हात खाली आला. तो पोरीच्या डोक्यावर टेकला आणि तिथंच राहिला.

मग म्हातारीनं सांगितलं. "पोर लांब त्या बाभळीखाली उभी. म्हटलं, आज वार काय? गुरवार. चाचणी कुठं? आपल्याच शाळेत. मग ही गणवेशातली पोरगी हितं काय करती? तवर निळी गाडी आली. दार उघडलं. हिचा एक पाय आत. मी गेले अशीच, हातात किटली. आतला म्हणतो, आजी, मी परीक्षेचा साहेब. मी म्हटलं, साहेबा, दुसरं कलम! परीक्षेचे लोक पोरांशी परस्पर बोलत न्हाईत. तो म्हणतो, बाजूला व्हा. मी पोरीला विचारलं, घरी सांगितलंयस? ती म्हणती, सांगू नको म्हणालेत. मग झालं तिसरं कलम. वतली किटली काचेवर! त्यानं पोरीचं दप्तर धरलं, मी पोरीला धरलं. दप्तर त्याच्याकडं गेलं, पोर माझ्याकडं राहिली." तिनं टपरीच्या फळीकडं बोट केलं. तिथं कोळशानं आकडे लिहिले होते. "हा गाडीचा नंबर. आकडे येतात मला."

आबा फळीला टेकून खाली बसला. मंगळवारी तो एवढ्या लांब चालत आला नसता तर? आणि बुधवारी ती दहा पावलं चालला असता तर?

"चहा दे म्हातारे," तो कसाबसा म्हणाला.

"सगळा काचेवर गेला," म्हातारी म्हणाली.

तिघं एका स्कूटरवर परत आले तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. फाटक बंद. परीक्षक आतल्या बाजूनं आले. आबानं गजांतून हात जोडले. "साहेब, पोरीची चूक नाही. माझी आहे. मी एक दार चुकवलं म्हणून हे झालं. मला काय करायचं ते करा, तिला आत घ्या."

परीक्षकांनी पोरीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. त्यांनाही वाईट वाटलं असेल. पण नियम नियम होता, आणि पेपर सुरू झाला होता. फाटक उघडलं नाही.

चाचणी संपेपर्यंत देवकी शाळेच्या पायरीवर बसून राहिली. आत तिच्या वर्गातली पोरं गणितं सोडवत होती. त्या वर्षी निवासी शाळेची जागा दुसऱ्या गावाला गेली. देवकीला सातवीतच आणखी एक वर्ष थांबावं लागलं. बाईंनी फोन आणि गाडीचा नंबर पोलिसांकडं दिला. त्याचं पुढं काय झालं ते पोलिसांना ठाऊक. असली माणसं एकटीदुकटी नसतात, एवढं गावाला कळलं.

दुपारी शाळेच्या पटांगणात सगळे जमले. आबा मध्ये उभा राहिला आणि जे केलं ते सांगितलं. बाहीचं सांगितलं, चुकवलेल्या दाराचं सांगितलं, "एकूणएक" म्हणाल्याचं सांगितलं. फटकळ माणूस, दुसऱ्याचं जसं सांगायचा तसंच स्वतःचं सांगितलं, काही झाकलं नाही. कोणी हसलं नाही.

मग शिंपी उठला. "आबा चुकला. त्याला माफ करायचं की नाही ते मी नंतर बघीन. पण अंगठा माझा होता. न वाचता दिलेला. आणि पोरीनं विचारलं तेव्हा 'बघितलंय' म्हणालो, ते खोटं माझं." तो चौतीस घरांकडं वळला. "तुमच्यातल्या किती जणांनी चिंचोका दिला होता, सांगू का?"

माना खाली गेल्या. सरपंच आपल्या चपलेकडं बघत बसले.

तेव्हापासून त्या शाळेत फोनही चालतो आणि वहीही चालते. सूचना फोनवर जाते, पोच आबा घेतो.

पुढच्या सूचनेच्या दिवशी आबानं यादी हातात घेतली. शिंप्याचं नाव शेवटी होतं. त्यानं ते पेन्सिलीनं सर्वांत वर लिहिलं आणि आधी त्याच गल्लीत गेला. मशीन धडधडत होतं. आबा ओट्यावर बसला. बोट धरून सूचना वाचली. शिंप्यानं टाचण्या तोंडातून काढल्या आणि शब्द न चुकता पोच दिली. मग दारातून देवकीनंही दिली, कोणी न सांगता.

आबा उठायला लागला.

"थांब," शिंपी म्हणाला. "तालुक्याला शिवलायस ना हा सदरा? बाही उसवलीय. काढ, दोन टाके घालतो."

आबानं त्याच्याकडं रोखून बघितलं. सदरा काढला, पुढं केला. "या वेळी दोन्ही सारख्या ठेव," तो म्हणाला आणि बनियनवरच परत ओट्यावर बसला.

तात्पर्य काय, तर: सूचना पाठवली म्हणजे कळवली असं नव्हे आणि अंगठा दिला म्हणजे वाचली असं नव्हे. समोरच्यानं आपल्या तोंडानं परत सांगितली, तेव्हाच ती पोचली. आणि ज्या दारात पाय टाकायला जीव कचरतो, त्या दारात आधी जावं. आपलं भांडण मोठ्या माणसाशी असतं, आत पोर बसलेलं असतं.